दाब आणि पोकळी



पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव 'लवचिक धातु-सेंद्रिय जाळ्या आणि दाब' असे छापले आहे. भुसावळचा वसंत म्हणजे खरा उन्हाळाच. दिवसभराचे ऊन अजून भिंतींतून बाहेर पडते आहे, आणि अशा वेळी असे नाव वाचूनही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानले पाहिजेत. नाव बोजड आहे खरे. परंतु त्याच्या पोटातला प्रश्न लहान मुलालाही पडावा इतका साधा आहे. एखादी वस्तू दाबली तर तिचे काय होते?

उत्तर आपण चटकन देऊ. ती लहान होते, नाहीतर मोडते. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापूस दाबला की त्याची गाठ होते. हरभऱ्याचा दाणा जात्याच्या पाळीखाली आला की फुटतो. रोजच्या व्यवहाराला हे उत्तर पुरते. परंतु ज्या वस्तूंच्या अंगातच पोकळी आहे, त्यांच्या बाबतीत ते अपुरे पडते. तेथे दाब किती, एवढेच विचारून भागत नाही. दाब कशाने दिला, आणि दाबतेवेळी त्या पोकळीत कोण होते, हेही विचारावे लागते. या दोन प्रश्नांची उत्तरे बदलली की एकच वस्तू कधी चिरडली जाते, कधी मिटून पुन्हा उघडते, आणि कधी चक्क फुगते. ही गोष्ट आज आपणापुढे मांडावयाची आहे.

सुरुवात आपल्या पायाखालच्या दगडापासून करू. येथून जवळच सावद्याच्या परिसरात खडीच्या खाणी आहेत. आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. रस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे तसेच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले ऊन पाणी खेळले आणि भिंतींवर स्फटिक धरले: पिचच्या फळासारख्या रंगाचा स्टिल्बाइट, मोत्यासारखी झाक असलेला ह्यूलंडाइट, आणि त्यांच्या संगतीने येणारा हिरवा अपोफिलाइट. खाणीवरची माणसे या सगळ्यांनाच गारगोट्या म्हणतात. जळगाव जिल्ह्याच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या या गारगोट्या परदेशांतील संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत मानाने बसलेल्या आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट फोडला त्या वेळीही असेच उत्तम स्फटिक हाती आले होते. तेव्हा रेल्वे आणि गारगोटी यांचा संबंध आपल्या गावाला परका नाही.

यांपैकी स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट हे झिओलाइट या कुळातले. अपोफिलाइट त्या कुळातला नाही, पण शेजारी नेहमीचा. झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने दिले. तापवल्यावर दगडातून फसफसून वाफ निघते असे त्याने पाहिले, म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने त्याला 'उकळणारा दगड' म्हटले. दगड उकळतो याचा अर्थ त्याच्या आत पाणी आहे. आणि विशेष हे की, कित्येक झिओलाइटांतून हे पाणी काढून घेतले तरी दगडाची मांडणी मोडत नाही. ओल मिळाली की पाणी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते.

याचे कारण त्याच्या अंतर्रचनेत आहे. सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा एक अणू मध्यभागी आणि ऑक्सिजनचे चार अणू चार कोपऱ्यांवर, असा एक लहानसा चौकोपरा घटक कल्पावा. असे असंख्य घटक कोपऱ्याला कोपरा जोडून उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये नियमित खोल्या व बोळ तयार होतात. बोळांची रुंदी एका-दोन रेणूंएवढी. जो रेणू मावेल तो आत जाईल, जो मोठा असेल तो दाराशी अडेल. धुण्याच्या पावडरीत, पाणी मृदू करण्याच्या यंत्रात आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांत कृत्रिम झिओलाइट राबतात ते या चाळणीच्या गुणामुळे.

निसर्गाने दगडात जे केले, ते माणसाला ठरवून करता येईल काय? मेलबर्नमधील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड रॉब्सन १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे आणि काड्या यांचे नमुने करवून घेत होते. गोळ्यांना भोके कोठे पाडावयाची हे ठरवताना त्यांच्या ध्यानात आले, की भोकांच्या जागा ठरल्या की पुढची सगळी मांडणी आपोआप ठरते. मग खऱ्या अणूंच्या बाबतीतही तसेच का होऊ नये? १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू यांची जाळी उभी करून दाखवली. १९९७ साली सुसुमु कितागावा यांनी दाखवले की अशा जाळीत वायू भरता येतो आणि काढताही येतो. १९९९ साली अमेरिकेत ओमर यागी यांनी जस्ताची 'मॉफ-५' ही भक्कम जाळी सिद्ध केली. या तिघांना २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंग्रजीत यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, त्याचेच लघुरूप मॉफ. आपण धातु-सेंद्रिय जाळी म्हणू. लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. बांबू म्हणजे सेंद्रिय रेणू, आणि जेथे बांबू एकमेकांना मिळतात तेथल्या सुतळीच्या गाठी म्हणजे धातूचे अणू. मांडवात जागा पुष्कळ, लाकूड थोडे. मॉफ-५ च्या एका ग्रॅममधील सगळ्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे ३,००० चौरस मीटर क्षेत्र होते. शेतीच्या मापात सांगावयाचे तर जवळजवळ ३० गुंठे, पाऊण एकर. चिमूटभर पावडरीत पाऊण एकर! त्या भिंतींना वायूचे रेणू चिकटून राहतात, आणि म्हणून लहान जागेत पुष्कळ वायू मावतो.

दगड आणि मांडव यांत मात्र एक फरक आहे. दगडाची गाठ घट्ट असते. मांडवाची गाठ थोडी हलते. वारा आला की मांडव कलतो आणि पुन्हा सरळ होतो. कितागावा यांनी १९९८ सालीच लिहिले होते की या जाळ्यांचा खरा विशेष त्यांच्या लवचिकपणात असू शकेल. तो लवचिकपणा पारखण्याचे साधन म्हणजे दाब.

आता दाबाचे माप डोळ्यांपुढे असावे. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब म्हणजे एक वातावरण. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भार. या स्टेशनातून वर्षानुवर्षे धावलेली वाफेची इंजिने येथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब दर चौरस इंचाला २१० पौंड, म्हणजे सुमारे १४ वातावरणे असे. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षाच्या टाकीत सुमारे २०० वातावरणे असतात. महासागराच्या सर्वांत खोल तळाशी हजाराच्या थोडे वर. आणि शास्त्रज्ञ ज्याला एक गिगापास्कल म्हणतात तो दाब सुमारे १०,००० वातावरणांचा.

एवढा दाब प्रयोगशाळेत आणावयाचा कसा? त्यासाठी प्रचंड यंत्र लागेल असे वाटते. प्रत्यक्षात ते उपकरण मुठीत मावते. १९५९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते तयार केले. दोन हिरे घ्यावयाचे, जळगावच्या सराफाने अंगठीत बसवावेत तसेच पैलू पाडलेले, पण टोके किंचित सपाट केलेली. ती टोके समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये बारीक भोक पाडलेला धातूचा पत्रा ठेवावयाचा. भोकात आपला स्फटिक, त्याच्याभोवती एखादा द्रव आणि माणकाचा एक कण. मग स्क्रू आवळावयाचे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या टोकावर एक गिगापास्कल दाब आणण्यास सुमारे २० किलोंचा भार पुरतो. आपल्या रानातला केळीचा एक चांगला घड तेवढ्याच वजनाचा असतो. क्षेत्र लहान केले की दाब वाढतो. सुई टोचते ती याच न्यायाने. दाब किती झाला हे माणिक सांगते, कारण त्याच्या लाल प्रकाशाचा रंग दाबाप्रमाणे सूक्ष्म सरकतो. ही युक्ती १९७२ सालची. हिरा पारदर्शक असल्यामुळे त्यातून क्ष-किरण सोडून आतल्या स्फटिकाचे अणू कोठून कोठे सरकले हे पाहता येते. या उच्च दाबाच्या विद्येचे एक नामांकित केंद्र आपल्याच राज्यात, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. राजगोपाल चिदंबरम आणि एस. के. सिक्का यांची नावे त्या कामाशी निगडित आहेत.

साधने झाली. आता पोकळ वस्तूवर दाब तीन प्रकारांनी पडतो, ते क्रमाने पाहू.

पहिला प्रकार वायूच्या दाबाचा. दुकानाच्या दाराला सरकती लोखंडी जाळी असते, ती सर्वांनी पाहिली आहे. ओढली की तिचे चौकोन उघडतात, ढकलली की ते चपटे होऊन जाळी एका बाजूला गोळा होते. पट्ट्यांची लांबी तीच राहते, फक्त खिळ्यांपाशी कोन बदलतो. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे जेरार फेरे यांच्या प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास एक जाळी सापडली, 'मिल-५३' हे तिचे नाव. क्रोमियमची एक, ॲल्युमिनियमची दुसरी. तिची मांडणी नेमकी या दाराच्या जाळीसारखी आहे. तिच्यात थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला की भिंती त्या रेणूंकडे ओढल्या जाऊन जवळ येतात आणि बोळ अरुंद होतात. वायूचा दाब पाच-सहा वातावरणांच्या आसपास नेला की नवे रेणू जागा मागू लागतात आणि बोळ पुन्हा सताड उघडतात. जणू जाळी श्वास घेते. शास्त्रज्ञांनी या क्रियेला श्वसन असेच नाव दिले आहे.

याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. साध्या ताठ जाळीत वायू भरला तर तो पहिल्यापासून थोडाथोडा भरत जातो. आणि काढताना शेवटचा भाग भिंतींना चिकटून आतच राहतो. टाकी भरलेली, पण हाती येणारा गॅस कमी, अशी स्थिती होते. २०१५ साली कॅलिफोर्नियात जेफ्री लाँग यांच्या गटाने कोबाल्टची एक लवचिक जाळी तपासली. साध्या तापमानाला मिथेनचा दाब सुमारे १६ वातावरणे होईपर्यंत ती मिटलेलीच राहते. तेथे पोचताच उघडते आणि वायू एकदम आत शिरतो. दाब उतरवला की ती मिटते, आणि मिटताना आतला वायू जवळजवळ सगळा बाहेर काढून टाकते. शिवाय वायू चिकटताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला काही भाग जाळी उघडण्याच्या कामी खर्ची पडतो, त्यामुळे टाकी कमी तापते. लवचिकपणा हा येथे दोष न राहता मुख्य गुण ठरतो. पुण्याच्या आयसर संस्थेत सुजित घोष यांचा गट अशाच हलत्या जाळ्यांवर काम करीत आला आहे. घोष यांनी पूर्वी क्योटोला कितागावा यांच्याबरोबर संशोधन केले होते.

दुसरा प्रकार द्रवाच्या दाबाचा, आणि खरे नवल येथे आहे. जस्त आणि इमिडॅझोल कुळातला एक रेणू यांची 'झिफ-८' नावाची जाळी आहे. या कुळाचे वैशिष्ट्य असे की, दोन जस्तांच्या मधला कोन सुमारे १४५ अंशांचा पडतो. आपल्या गारगोटीत दोन सिलिकॉनमधला कोनही साधारण तेवढाच. म्हणून या जाळ्या झिओलाइटांसारखेच आकार घेतात. या कुळातल्या कितीतरी जाळ्या एकदम तयार करणाऱ्या २००८ च्या कामाचे पहिले लेखक राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे होते.

२००९ साली एडिंबरा व केंब्रिज येथील संशोधकांनी झिफ-८ चा स्फटिक हिऱ्यांच्या मध्ये ठेवला. भोवती द्रव घेतला तो मिथेनॉल आणि इथेनॉल यांचा. या द्रवाचे रेणू लहान असतात, दारातून आत जाऊ शकतात. स्क्रू आवळायला लागल्यावर स्फटिक प्रथम आकसला नाही, किंचित फुगला. कारण दाबाने बाहेरचा द्रव आतल्या खोल्यांत ढकलला गेला. पुढे दाब सुमारे दीड गिगापास्कल, म्हणजे १५,००० वातावरणांच्या घरात गेल्यावर सेंद्रिय रेणूंच्या चकत्या दाराच्या फळीसारख्या वळल्या, दारे रुंद झाली आणि आणखी द्रव आत मावू लागला. पंधरा हजार वातावरणांच्या दाबाखाली पोकळी वाढली!

हे निसर्गनियमाविरुद्ध आहे काय? मुळीच नाही. दाब एवढेच मागतो की आतले आणि बाहेरचे सर्व मिळून जागा कमी लागावी. स्फटिक थोडा वाढला, पण त्याच्या पोटात जो द्रव गेला त्याची बाहेरची जागा मोकळी झाली. दोहोंची बेरीज कमीच झाली. घरातल्या गाद्या फडताळात नीट रचून ठेवल्या की फडताळ भरते, पण खोली मोकळी होते, तसा हा हिशेब आहे.

आणि हे केवळ माणसाने केलेल्या जाळीतच घडते असे नाही. झिओलाइटांच्या कुळात नॅट्रोलाइट नावाचा तंतुमय स्फटिक आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे योंगजे ली, थॉमस व्होग्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ व २००२ साली तो पाण्यात ठेवून दाबला. एक ते दीड गिगापास्कलच्या आसपास त्याच्या जाळीतले खांब फिरले, बोळ गोलसर झाले आणि बाहेरचे पाणी आत शिरले. पूर्वी जेथे पाण्याचे दोन रेणू होते तेथे चार झाले, आणि दगड फुगला. पण जो द्रव आत शिरूच शकत नाही अशा तेलात हाच स्फटिक दाबला, तर तो निमूटपणे लहान होतो. स्फटिक तोच, दाबही तोच. फरक एवढाच की भोवताली असलेल्याला आत प्रवेश आहे की नाही. या नॅट्रोलाइटची सख्खी भावंडे, त्याच सांगाड्यावर उभारलेली, म्हणजे स्कोलेसाइट आणि मेसोलाइट. ही नाशिक-पुण्याच्या कातळात सुयांच्या झुबक्यांसारखी सापडतात. खडीसाठी सुरुंग लावताना त्यांचा चुरा होतो आणि तो कोणाच्या गावीही नसतो.

तिसरा प्रकार कोरड्या दाबाचा. जाळी रिकामी आहे, भोवती आत शिरणारे काही नाही, आणि वरून यंत्राचा दट्ट्या येतो. येथे जाळीची खरी परीक्षा होते. पाऊण एकराची मॉफ-५ साडेतीन मेगापास्कल, म्हणजे अवघ्या ३५ वातावरणांच्या आसपास कोसळते आणि तिचा बेशिस्त ढिगारा होतो, असे २०१० साली दिसून आले. वाफेच्या इंजिनातल्या दाबाच्या जेमतेम अडीच पट! तीच कथा झिफ-८ ची. द्रवाने भरलेली असताना ती १५,००० वातावरणांत टिकून राहिली; तीच रिकामी असताना सुमारे ३,४०० वातावरणांत तिची शिस्त मोडते, आणि दाब काढला तरी परत येत नाही. रिकाम्या गोणीवर पाय दिला तर ती सपाट होते, धान्याने भरलेल्या गोणीवर माणूस उभा राहतो. भरलेली पोकळी स्वतः भार उचलते.

क्रोमियमच्या मिल-५३ चे वागणे मात्र निराळे. सुमारे ५५० वातावरणांच्या दाबाला ती दुकानाच्या जाळीसारखी मिटते, आणि दाब काढला की पुन्हा उघडते. तिला मोडावे लागत नाही, कारण तिला मिटता येते. दाबाने केलेले काम ती पोटात घेते. आपल्या यार्डात डबे जोडताना दोन डब्यांमधले बफर धक्का पोटात घेतात, तसेच काम रेणूंच्या पातळीवर या जाळ्यांकडून करून घेता येईल काय, हा विचार त्यातूनच निघाला आहे.

आता कोणी म्हणेल, हिऱ्याच्या टोकावरच्या या कणाशी भुसावळकराला काय करावयाचे? करावयाचे आहे, आणि ते फार दूरचे नाही.

दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी आपणांपैकी अनेकांच्या गच्चीवरून दिसतात. कोळशाच्या धुरात साधारण १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो वेगळा काढावयाचा तर आज रसायनांच्या द्रावणातून धूर न्यावा लागतो, आणि ते द्रावण पुन्हा उकळण्यात बरीच वीज-वाफ जाते. जाळ्यांनी हे काम कमी खर्चात करावे अशी आशा आहे. कॅनडातील कॅलगरी येथे जॉर्ज शिमिझु यांनी जस्ताची 'काल्फ-२०' नावाची जाळी सिद्ध केली. ती धुरातल्या ओलाव्याला पुरून उरते, आणि सिमेंटच्या कारखान्याच्या खऱ्या धुरावर तिची परीक्षा झाली आहे. जाळीत कार्बन डायऑक्साइडचा रेणू नेमका कोठे बसतो हे कॅलगरीच्याच २०१० च्या कामात क्ष-किरणांनी पाहिले गेले. त्या कामाचे पहिले लेखक आर. वैद्यनाथन हे नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आले.

आणि आपली केळी! रावेर, यावल, भुसावळ या तालुक्यांतली केळी पिकतात ती एथिलीन वायूच्या इशाऱ्याने; पिकवण्याच्या खोल्यांत आपण तोच वायू सोडतो. हा इशारा फळाला ऐकू येऊ नये असे करणारा दुसरा एक वायू आहे. तो धातु-सेंद्रिय जाळीत साठवून हळूहळू सोडण्याचा माल २०१६ साली बाजारात आला. जाळी तयार केली होती बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून निघालेल्या एका कंपनीने. सावद्याचा घड दूरच्या बाजारात पोचेपर्यंत हिरवा ठेवणे हा ज्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्यांनी या बातमीकडे लक्ष ठेवले पाहिजे.

परंतु धुराडे असो की फळाची पेटी, जाळी तेथे सुट्या पावडरीच्या रूपात चालत नाही. वाऱ्याबरोबर ती उडून जाईल, नाहीतर नळीत बसून वाट अडवील. तिच्या गोळ्या कराव्या लागतात, औषधाच्या गोळ्यांसारख्या. आणि गोळी करावयाची म्हणजे यंत्राखाली दाबणे आले. येथे आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो. प्रयोगशाळेत पाऊण एकराची ख्याती मिळवलेली जाळी गोळीच्या साच्यात ३५ वातावरणांत कोसळली, तर कारखानदाराच्या हाती चुरा उरतो. पुष्कळ जाळ्यांचे भवितव्य या एका पायरीवर अडलेले आहे. म्हणून कोणी पोकळीत द्रव ठेवूनच दाब देतो आणि मागाहून तो काढून घेतो, कोणी गोंदासारखे द्रव्य मिसळून कमी दाबात भागवतो, कोणी मिटून उघडणारी जाळीच निवडतो. हिऱ्याच्या टोकावर शिकलेला धडा गिरणीच्या दट्ट्याखाली उपयोगी पडतो तो असा.

भलत्या आशाही मी आपणांस दाखवणार नाही. या जाळ्या अजून महाग आहेत. मॉफ-५ सारख्या कित्येक तर हवेतल्या दमटपणानेच खराब होतात. दीपनगरच्या धुराड्यातून दर तासाला जेवढा धूर जातो, त्याच्यापुढे प्रयोगशाळेतले ग्रॅम काहीच नाहीत. ग्रॅमपासून टनापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि तो केवळ बुद्धीने तुडवला जात नाही; त्यासाठी यंत्रज्ञ, कारागीर आणि चिकाटी लागते. पण रेल्वेच्या कर्मशाळांत पिढ्यानपिढ्या हात घडलेल्या या गावाला हे गुण नवे नाहीत.

येथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सावद्याच्या खाणीत निघणाऱ्या गारगोट्यांपैकी चार-सहा तरी आपल्या शाळेच्या कपाटात असाव्यात. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खास संग्रहालय आहे, तेथे मुलांची सहल न्यावी. आपल्या मातीतल्या दगडाच्या पोटात खोल्या आहेत, त्या खोल्यांत पाणी येते-जाते, आणि दाबल्यावर त्याच्या कुळातला एखादा दगड फुगतोसुद्धा, हे ज्या मुलाला कळेल, ते खडीच्या ढिगाऱ्यापाशी थांबून खाली वाकेल. त्याला पुढचे प्रश्न आपोआप सुचतील: हा दगड रिकामा आहे की भरलेला? भोवतालचे त्याच्यात काय जाऊ शकते? आणि भार पडला तर त्याला हलायला वाव आहे काय? आजचे सगळे व्याख्यान या तीन प्रश्नांत मावते, आणि त्यांची उत्तरे शोधण्याचे बरेचसे काम अजून व्हावयाचे आहे.